आरे-वारेची विहीर आणि पेशीतील खातेवही



रत्नागिरीहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. शहरात त्यांचे पिढीजात दुकान आहे, आणि आरे-वारे येथे समुद्राच्या वरच्या अंगाला थोडी बाग व पर्यटकांसाठी बांधलेल्या चार खोल्या आहेत. वर्षातील बराच काळ कुटुंब तेथेच राहते आणि आवारातील विहिरीचे पाणी पिते. त्या लिहितात की, या पाण्याचा चहा काळपट होतो, आणि तांब्याच्या हंड्यात पाणी राहिले की आतून हिरवट डाग पडतात. घरात पाणी नियमाने गाळले जाते, उकळलेही जाते. अलीकडे एका पाहुण्याने त्यांना सांगितले की, पाण्यातील धातूंमुळे माणसाच्या डीएनएची मोडतोड होते आणि ती आता रक्ताच्या थेंबावरून तपासता येते. "मुलांची तशी तपासणी करून घ्यावी का? आणि थोरलीच्या सोयरिकीच्या बोलण्यात कोणी हा विषय काढला, तर काय उत्तर द्यावे?" असे त्यांनी विचारले आहे.

दोन प्रश्नांपैकी दुसरा अधिक नाजूक आहे. परंतु त्याचे उत्तर पहिल्याच्या पोटात दडलेले आहे, म्हणून क्रमाने जाऊ.

रत्नागिरीहून सागरी मार्गाने गणपतीपुळ्याकडे निघाले की काळबादेवी मागे पडते, रस्ता चढणीला लागतो, आणि आरे व वारे या दोन किनाऱ्यांचे दृश्य एकाएकी समोर उलगडते. प्रवासी तेथे थांबून समुद्र पाहतात. पायाखालचा दगड सहसा कोणी पाहत नाही. तो जांभा आहे. कोकणातील मुसळधार पावसाने (रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो) मूळच्या काळ्या कातळातील चुना, मॅग्नेशियम आणि वाळूचा अंश युगानुयुगे धुऊन नेला, आणि मागे लोह व ॲल्युमिनियम यांची तांबूस, सच्छिद्र काया उरली. शेजारच्या काळबादेवीच्या पुळणीत जी काळी वाळू चमकते, तीही लोह आणि टायटॅनियम यांचे खनिज असलेल्या इल्मेनाइटची. थोडक्यात, या भूमीत धातू बाहेरून यावा लागत नाही.

अशा दगडातून झिरपलेल्या पाण्यात क्षार कमी असतात आणि ते बहुधा किंचित आम्लधर्मी असते. पाण्याची आम्लता ज्या मोजमापाने सांगतात त्याला सामू म्हणतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ असावा, आणि जांभ्यातील विहिरींचे पाणी पुष्कळदा या खालच्या मर्यादेच्या आसपास किंवा तिच्याही खाली असते. जिभेला ते गोड लागते, डाळ त्यात लवकर शिजते. पण असे पाणी भुकेले असते. नळ, तोटी, हंडा, पंपाचे पितळी भाग, ज्याला स्पर्श होईल त्यातून ते थोडा थोडा धातू उचलते. आपल्या भगिनींच्या हंड्यातील हिरवट डाग हे हंड्याच्याच तांब्याचे आहेत. चहा काळपट होतो तो लोहामुळे, कारण चहातील तुरट द्रव्य आणि लोह एकत्र आले की शाईसारखा रंग येतो. हिरड्यापासून शाई करीत, तिच्यातही हेच घडत असे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जे धातू डोळ्यांना दिसतात आणि जिभेला कळतात, ते बहुधा कमी घातक असतात. ज्यांची खरी धास्ती बाळगावी ते आर्सेनिक, शिसे, कॅडमियम आणि षट्संयुजी क्रोमियम हे पाण्यात असूनही पाणी स्फटिकासारखे स्वच्छ दिसू शकते. मानकात त्यांच्या मर्यादाही तशाच सूक्ष्म आहेत: दर लिटरला आर्सेनिक ०.०१ मिलिग्रॅम, शिसे ०.०१, कॅडमियम ०.००३, एकूण क्रोमियम ०.०५. यांपैकी आर्सेनिक, कॅडमियम आणि षट्संयुजी क्रोमियम यांना कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने माणसात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. चहा काळा होतो म्हणून भ्यायचे आणि पांढरा राहतो म्हणून निश्चिंत व्हायचे, हा हिशेब उलटा आहे.

आता गाळणे आणि उकळणे यांविषयी. पाणी गाळून पिणे व गाळण्यावर राहिलेले जीव पुन्हा मूळ पाण्यात सोडणे हा आपल्या घरांतील जुना आचार आहे, आणि त्याची उपयुक्तता बाहेरच्या संशोधनातही दिसली आहे. बांगलादेशातील मतलब भागातील ६५ गावांत अमेरिकन शास्त्रज्ञ रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या साडीच्या घड्या घातलेल्या कापडातून पाणी गाळण्यास लोकांना शिकविले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार अशा कुटुंबांत पटकीचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी घटले. पटकीचे जंतू पाण्यातील सूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतात आणि ते प्राणी कापडावर अडकतात, म्हणून हे घडते. पण विरघळलेला धातू कापडावर अडकत नाही. उकळण्याने जंतू मरतात. धातू मात्र जागीच राहतो. उलट चार लिटर पाणी आटून तीन झाले, तर धातूचे प्रमाण तेवढे वाढते. जीवदयेसाठी आणि रोगजंतूंसाठी जे योग्य आहे तेच धातूसाठीही पुरेल, अशी समजूत अनेक सुशिक्षित घरांत आढळते. तिला आधार नाही.

धातू पेशीत जाऊन करतो तरी काय? व्यापारी कुटुंबांना वहीची उपमा परकी नाही. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएची एक चोपडी असते आणि पेशी दुभंगताना तिची हुबेहूब नक्कल केली जाते. या चोपडीत रोज हजारो ठिकाणी पान फाटते, शाई पसरते, आकडा पुसट होतो; श्वासातील प्राणवायूपासूनही हे घडते. म्हणून निसर्गाने दुरुस्तीचे मुनीम नेमले आहेत. ते अहोरात्र फिरून चुकलेला आकडा खोडतात आणि खरा लिहितात. षट्संयुजी क्रोमियम खोट्या नाण्यासारखे वागते. त्याची घडण पेशीला रोज लागणाऱ्या सल्फेटसारखी असल्यामुळे दारावरचा पहारेकरी ते आत घेतो, आणि आत गेल्यावर त्याचे रूप पालटत असताना ते चोपडीच्या पानाला चिकटते. आर्सेनिकची रीत निराळी आहे. ते पानावर थेट फारसा हात टाकत नाही. ते मुनिमाला निकामी करते, आणि शिवाय पेशीत दाहक प्राणवायूकण वाढविते. कॅडमियमही दुरुस्तीच्याच मुळावर येते. नेहमीची झीज मग तशीच साचत जाते. असे नुकसान लवकर उघडकीस येत नाही, हे ज्याच्या पेढीवर हिशेबनीस बेसावध राहिला असेल त्याला सांगावयास नको.

ही झीज मोजण्याच्या दोन प्रमुख रीती आहेत. पहिली धूमकेतू चाचणी. १९८४ मध्ये स्वीडनच्या ऑस्टलिंग व योहान्सन यांनी तिचा पाया घातला आणि १९८८ मध्ये नरेंद्र सिंग व सहकाऱ्यांनी तिला आजचे रूप दिले. रक्तातील पांढऱ्या पेशी काचपट्टीवर पातळ जेलीत बसवितात, त्यांची बाहेरची आवरणे विरघळवितात, तीव्र अल्कधर्मी द्रावणात ठेवून विद्युतप्रवाह सोडतात आणि चमकणारा रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ज्या पेशीचा डीएनए अखंड असतो ती वाटोळ्या ठिपक्यासारखी दिसते. ज्याचे तुकडे झालेले असतात त्याचे तुकडे धन टोकाकडे ओढले जाऊन मागे शेपूट उमटते. शेपूट जितके लांब व दाट, तितकी मोडतोड अधिक. दुसरी रीत सूक्ष्मकेंद्रकांची. पेशी दुभंगताना गुणसूत्राचा एखादा तुकडा मागे राहिला, तर तो मुख्य केंद्रकाबाहेर चिमुकल्या ठिपक्याच्या रूपाने उरतो. गालाच्या आतील पेशी खरवडून, मूत्रातील पेशी वेगळ्या करून, अथवा रक्तपेशी प्रयोगशाळेत वाढवून हे ठिपके मोजतात. त्यासाठी हजार-दोन हजार पेशी डोळ्यांखालून घालाव्या लागतात, आणि नमुना कोणाचा हे मोजणाऱ्याला कळू न देणे हा त्यातला पहिला नियम आहे.

भारतात या चाचण्यांचा मोठा उपयोग झाला तो पश्चिम बंगालमध्ये. १९८३ च्या सुमारास कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे खेड्यांतील असे रुग्ण येऊ लागले की, ज्यांच्या अंगावर पावसाच्या थेंबांसारखे डाग होते आणि तळहात-तळपाय खरखरीत झाले होते. कारण निघाले नळकूपांच्या पाण्यातील आर्सेनिक. तेथे कारखाना नव्हता. आर्सेनिक नदीने आणलेल्या गाळातलेच होते, आणि विहीर-तळ्यांच्या दूषित पाण्यापासून लोकांना वाचवावे म्हणून जे नळकूप खोदले गेले, त्यांनीच ते वर आणले. पुढे कोलकात्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल बायॉलॉजीतील डॉ. अशोक गिरी यांच्या गटाने आर्सेनिकयुक्त पाणी पिणारे लोक आणि न पिणारे लोक यांच्या रक्तातील, गालातील व मूत्रमार्गातील अशा तिन्ही प्रकारच्या पेशी तपासल्या. पाणी पिणाऱ्यांत सूक्ष्मकेंद्रके स्पष्टपणे अधिक होती. आणखी एक गोष्ट दिसली: एकाच नळकूपाचे पाणी पिऊनही सर्वांच्या त्वचेवर खुणा उमटत नाहीत. ज्यांच्या अंगावर काही दिसत नव्हते त्यांच्याही पेशींत झीज होती. डाग असलेल्यांत ती अधिक होती आणि त्यांची दुरुस्तीची शक्ती क्षीण होती.

मराठी मुलुखाच्या सीमेला लागूनही असे एक ठिकाण आहे. गोंदिया-गडचिरोलीपलीकडे छत्तीसगडात, पूर्वीच्या राजनांदगाव जिल्ह्यातील अंबागड चौकी भागात, कौडीकसा व आसपासच्या गावांत खडकातीलच आर्सेनिक विहिरींत उतरते. कोकण मात्र आर्सेनिकचा पट्टा म्हणून ओळखला जात नाही. आरे-वारेच्या कुटुंबाने बंगालचे भय उसने घेण्याचे कारण नाही. तथापि एकदा तपासून निश्चिंत व्हावे.

या साऱ्या संशोधनातील जो निष्कर्ष मला सर्वांत मोलाचा वाटतो, तो चिली देशातला आहे. उत्तर चिलीत काही पुरुष दर लिटरला सुमारे ६०० मायक्रोग्रॅम आर्सेनिक असलेले पाणी पीत होते. आपल्या मर्यादेच्या हे साठपट. त्यांना ८ आठवडे ४५ मायक्रोग्रॅमचे पाणी देण्यात आले. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मूत्राशयाच्या पेशींतील सूक्ष्मकेंद्रकांचे प्रमाण हजारी २.६३ वरून १.७९ वर उतरले. औषध नाही, पथ्य नाही; पाणी बदलले आणि दोन महिन्यांत चोपडीतील खाडाखोड कमी झाली. याचा अर्थ सगळे ऋण फिटते असा नव्हे. त्याच देशातील अँतोफागास्ता शहरात १९५८ ते १९७० या काळात आर्सेनिकयुक्त पाणी पुरविले गेले. १९७० मध्ये शुद्धीकरण सुरू झाले, पण फुप्फुस व मूत्राशय यांच्या कर्करोगाचे वाढलेले प्रमाण पुढे कित्येक दशके दिसत राहिले. म्हणून पाणी बदलावयाचे ते लवकर.

आता भगिनींच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. मुलांची डीएनए तपासणी करून घ्यावी का? माझे मत स्पष्ट आहे: घेऊ नये. या चाचण्या समूहाविषयी बोलतात, एका व्यक्तीविषयी नव्हे. अमुक गावातील शंभर माणसे आणि तमुक गावातील शंभर माणसे यांची तुलना त्या नेमकी करतात. पण एका मुलाच्या पेशींत शेपटे लांब दिसली, तर त्याला कारण ताप असू शकतो, क्ष-किरण तपासणी असू शकते, आहारातील फॉलिक आम्लाची उणीव असू शकते. घरातील मोठी माणसे सुपारी-तंबाखू खात असतील, तर त्यांच्या गालाच्या पेशी पाण्याआधी त्या सवयीचीच साक्ष देतील. शिवाय धूमकेतू चाचणीत दिसणारी पुष्कळशी मोडतोड काही तासांत दुरुस्त होते. ती आजचे चित्र आहे, जन्मपत्रिका नव्हे. सुबक छापील अहवाल हाती येईल, त्याखाली आकडा असेल, आणि त्या आकड्याचे काय करावे हे कोणीच सांगू शकणार नाही. त्याच पैशात विहिरीचे पाणी अनेकदा तपासून होईल आणि त्या अहवालावर कृती करता येईल.

आणि सोयरीक? रक्तातील, गालातील, मूत्राशयातील पेशींची झीज संततीकडे जात नाही. संततीकडे जाते ते बीजपेशींतील लिखित, आणि पिण्याच्या पाण्यातील धातूंमुळे माणसाच्या पुढच्या पिढीत आनुवंशिक दोष उतरतो असे सिद्ध झालेले नाही. गर्भवतीने शिसे वा आर्सेनिक असलेले पाणी पिऊ नये हे खरे, कारण हे दोन्ही धातू वारेतून गर्भापर्यंत पोहोचतात. पण तो त्या काळातील पाण्याचा प्रश्न आहे, मुलीच्या कुळाचा नव्हे. बंगाल आणि बांगलादेशात आर्सेनिकचे डाग असलेल्या मुलींची लग्ने मोडली, विवाहित स्त्रियांना माहेरी धाडले गेले. त्या बिचाऱ्यांचा दोष इतकाच की, त्यांनी घरच्या नळाचे पाणी प्यायले. आपल्या समाजाच्या वधूवर परिचयात शिक्षण, व्यवसाय, गोत्र विचारले जाते; त्यात विहिरीचे पाणी येऊ नये. कोणी विचारलेच, तर भगिनींनी पाण्याचा अहवाल दाखवावा आणि विचारणाऱ्यांनी आपल्या घरचा दाखविला आहे काय, असे सौम्य शब्दांत विचारावे.

भांड्यांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्यातील अनेकांचा भांड्यांचा व्यापार आहे, आणि महाराष्ट्रातील सर्वांत शिकविणारे उदाहरण भांड्यांचेच आहे. पुण्यात एके काळी लहान मुलांना यकृताचा एक भयंकर विकार होत असे. सहा महिने ते तीनेक वर्षांची मुले दगावत, आणि त्यांच्या यकृतात तांबे प्रचंड प्रमाणात सापडे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित यांनी ब्रिटनच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह या मुलांच्या घरांची व निरोगी मुलांच्या घरांची बारकाईने तुलना केली. १९८३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा लेख आला. वरचे दूध लहानपणीच सुरू झालेले आणि ते पितळी वा तांब्याच्या भांड्यांत तापविलेले, ठेवलेले, असे आजारी मुलांच्या घरी आढळत होते. दुधातील केसिन हे प्रथिन तांबे धरून ठेवते आणि बाळाच्या पोटात पोहोचविते. भांड्याला कल्हई असेपर्यंत मधे कथिलाचा पडदा असतो. ती झिजली की दूध थेट पितळेला लागते. सगळ्याच मुलांना हा विकार झाला नाही, त्यामुळे काही उपजत दुबळेपणाही असावा असे मानले जाते. पण घरोघरी स्टेनलेस स्टील आले आणि हा विकार दुर्मीळ झाला. दिशा चिलीतल्यासारखीच होती. तेथे पाणी बदलले, येथे भांडे.

म्हणून तांब्याचा हंडा टाकून द्यावा काय? बंगळुरूमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलेल्या पाण्यातील अपायकारक जंतू नष्ट झाले, आणि पाण्यात उतरलेले तांबे जागतिक आरोग्य संघटनेच्या २ मिलिग्रॅम या मर्यादेच्या दशांशाहूनही कमी होते. मात्र ते पाणी आम्लधर्मी नव्हते. जांभ्याच्या विहिरीचे पाणी ज्या हंड्यात हिरवे डाग पाडते, तेथे हा निर्वाळा लागू करता येत नाही. तेथे पिण्याचे पाणी स्टीलमध्ये किंवा मातीच्या माठात ठेवावे. आमसुलाचे सरबत, ताक, लिंबूपाणी आणि दूध तर कोणत्याही गावी कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत ठेवू नये. कल्हई करून घेताना कथील शुद्ध आहे ना, हे पाहावे, कारण स्वस्त कथिलात शिसे मिसळलेले असू शकते. आणि बाग आहे म्हणून आणखी एक: आंबा-पोफळीवर फवारण्याचे बोर्डो मिश्रण मोरचुदाचे, म्हणजे तांब्याचेच असते. फवारणीचा पंप व टाकी विहिरीच्या काठावर धुऊ नये.

तपासणी अशी करावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाण्याची सर्वसाधारण तपासणी होते. जड धातूंची सोय तेथे नसेल, तर अधिमान्यता असलेली प्रयोगशाळा विचारून घ्यावी. सामू, लोह, मँगनीज, तांबे, शिसे, क्रोमियम, निकेल, कॅडमियम आणि आर्सेनिक इतकी नावे अर्जात लिहावीत. बाटली प्रयोगशाळेचीच घ्यावी; धातू बाटलीच्या भिंतीला चिकटू नये म्हणून तीत आम्लाचे थेंब घातलेले असतात, ती विसळू नये. नमुने तीन: एक थेट विहिरीतून, दुसरा पहाटे नळ प्रथम उघडल्याबरोबर, तिसरा तोच नळ पाच मिनिटे वाहू दिल्यावर. बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवाव्यात. हेच सारे एकदा मे महिन्यात, विहीर तळाला गेलेली असताना, आणि एकदा पावसाळा सरल्यावर करावे.

पहाटेच्या नमुन्यात शिसे किंवा तांबे अधिक आणि विहिरीच्या नमुन्यात नगण्य, असे आले तर विहीर निर्दोष आहे. जुन्या पितळी तोट्या व सांधे बदलावेत, तोवर सकाळचे पहिले पाणी झाडांना घालावे. विहिरीतच लोह वा मँगनीज अधिक असेल, तर पाणी उंचावरून पाडून हवा लागू द्यावी, रात्रभर स्थिर ठेवावे आणि वाळूच्या थरातून गाळावे. पुष्कळसा गाळ खाली बसतो. आर्सेनिक, कॅडमियम वा क्रोमियम मर्यादेबाहेर आले, तर मात्र घरगुती उपायात वेळ घालवू नये. आरओ यंत्र बहुतेक धातू अडविते, पण आर्सेनिकच्या एका रूपाला ते पुरते अडवीत नाही. अशा वेळी पिण्या-स्वयंपाकाचे पाणी दुसरीकडून आणावे. आणि यंत्रातून निघालेले पाणी पुन्हा तांब्याच्या हंड्यात भरू नये, कारण क्षार निघून गेल्यामुळे ते विहिरीच्या पाण्याहूनही अधिक भुकेले असते.